ऐरोलीची बाल्कनी आणि साठ हर्ट्झची मोटर

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी बाईंचा फोन आला. "अरे, तू मोटरांचं काम करतोस ना? माझी दुसरीपण जळायला लागलीय बहुतेक. वास येतोय."

बाई म्हणजे ठाण्याच्या आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. निवृत्तीनंतर त्या ऐरोलीला राहतात, तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीतून पारसिकचा डोंगर दिसतो. माझं रबाळे एमआयडीसीत रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरांच्या तारा पुन्हा गुंडाळायचं, दुकान आहे. पंप, एक्झॉस्ट फॅन, कूलर, पिठाच्या गिरणीच्या मोटरा हे आमचं रोजचं काम. बाईंची मोटर होती दगड घासायच्या यंत्राची. ते मात्र मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

यंत्र दिसायला साधं आहे. दोन आडवे रूळ, त्यांवर लोळणारं रबरी पिंप आणि एका रुळाला बेल्टने फिरवणारी वीतभर मोटर. पिंपात दगड, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची पूड घालायची, झाकण घट्ट लावायचं आणि फिरवत ठेवायचं. आधी जाड ८० नंबरची पूड, मग २२०, मग ५००, शेवटी पॉलिश. प्रत्येक टप्प्याला साधारण एक आठवडा. दगडाला पूर्ण चकाकी यायला चार आठवडे, म्हणजे ६७२ तास, मोटर रात्रंदिवस फिरते. टेबलफॅनलासुद्धा कोणी असा महिनाभर न थांबता राबवत नाही.

बाईंचे दगड त्यांच्या भावाच्या जळगावकडच्या शेतातल्या नाल्यातले आहेत. बहुतेक अकीक, थोडा लाल जास्पर. आपला दख्खनचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपून त्या भरत गेल्या आणि अकीक तयार झाला. हे बाईंनी आम्हाला आठवीत शिकवलं होतं, त्या दिवशी बाल्कनीत पुन्हा शिकवलं. पट्ट्यापट्ट्यांचा एक ओला खडा उन्हात धरून म्हणाल्या, "बघ, प्रत्येक पट्टी म्हणजे एकेक थर." माझ्या कामाशी याचा संबंध इतकाच की मोहच्या दहाच्या मापावर अकीकाची कठीणता ६.५ ते ७ असते. तो लवकर झिजत नाही, म्हणून मोटरला एवढं राबावं लागतं.

मोटरेचा इतिहास असा. २०२३ च्या दिवाळीत मुलगा अमेरिकेहून आला तेव्हा त्याने हे यंत्र आणलं. ते ११५ व्होल्टचं, म्हणून इथे एक स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, घेतला. मे महिन्यात मोटर जळाली. उन्हाळा, बंद बाल्कनी, दुसरं काय होणार, असं सगळ्यांनी ठरवलं. जुलैत मुलाने तशीच दुसरी मोटर पाठवली, ऑगस्टमध्ये सोसायटीच्या वायरमनने ती बसवली. आणि ऑक्टोबरात पुन्हा तोच वास.

मी गेलो तेव्हा चार गोष्टी एका नजरेत खटकल्या. आवाजाबद्दल शेजाऱ्यांची तक्रार होती म्हणून बाईंनी अख्खं यंत्र मासळीच्या थर्मोकोलच्या खोक्यात ठेवलं होतं. स्वच्छ धुतलेलं, झाकणाला दोन भोकं पाडलेलं. आवाज खरंच कमी झाला होता. पण ज्या खोक्यात बर्फ दिवसभर वितळत नाही, त्यातून मोटरेची उष्णता तरी कशी बाहेर पडणार? बाल्कनीत ३४ अंश होते आणि खोक्यातल्या हवेत ५२.

दुसरी गोष्ट बेल्ट. मूळचा घसरायला लागला म्हणून लहान मापाचा ताणून बसवला होता. तार छेडावी तसा तो वाजत होता. बेल्ट असा ताणला की मोटरेचा शाफ्ट एका बाजूला खेचला जातो आणि बुशवर घासतो. तिसरी गोष्ट बुश. या मोटरांना बॉल बेअरिंग नसतं. शाफ्ट ज्यांत फिरतो ते सच्छिद्र ब्राँझचे बुश असतात, भोवती तेलात भिजवलेली नमद्याची चकती. बाई शिवणयंत्राचं तेल घालत होत्या. ते फार पातळ. इतक्या गरम शाफ्टजवळ ते टिकत नाही, आणि उडालेली घासायची पूड तिथे चिकटून काळी पेस्ट होते. चौथी गोष्ट पिंप अर्धंच भरलेलं होतं. "मोटरवर भार कमी पडावा म्हणून," बाई म्हणाल्या. तसा तो पडत नाही. अर्ध्या पिंपात दगड एका बाजूला चढून धपकन पडतात, त्यांचे कोपरे उडतात आणि मोटरेची सुटका काही होत नाही. पिंप दोन तृतीयांश ते पाऊण भरलेलं असलं तर दगड एकमेकांवरून घसरतात. घासणं म्हणजे ते घसरणं.

मी खोकं काढलं, बुश रॉकेलने धुऊन २० ग्रेडच्या तेलाचे दोन-दोन थेंब सोडले आणि मूळ मापाचा नवा बेल्ट घातला, अंगठ्याने दाबला तर पाच-सहा मिलिमीटर दबेल इतपत सैल. दगडही वाढवले. टेंपरेचर गनने स्टॅम्पिंग, म्हणजे मोटरेच्या पत्र्यांचा गठ्ठा, आधी १०८ अंश दाखवत होतं. तीन तासांनी ९० वर आलं. निघताना मी म्हटलं, "बाई, या मोटरा तापतातच. आता काळजी करू नका."

त्यातलं पहिलं वाक्य खरं होतं, दुसरं चूक. या शेडेड पोल जातीच्या मोटरा असतात. पोलच्या एका कोपऱ्यात तांब्याची जाड कडी बसवून त्यांना फिरायची दिशा दिलेली असते. स्वस्त, साध्या, कपॅसिटर नाही, पण आत गेलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेतच जातो. त्यामुळे चांगली मोटरसुद्धा हाताला चटका देते. साठ अंशांच्या धातूवर माणूस हात ठेवू शकत नाही, आणि मोटरेला साठ अंशांचं काहीच वाटत नाही. म्हणून हात लावून निदान करण्याला अर्थ नाही. पण मी गन लावली होती बाहेरच्या पत्र्याला आणि जळते ती आतली तार. तिचं तापमान मी मोजलंच नव्हतं.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. वास कमी झाला होता, गेला नव्हता.

दुसऱ्या खेपेला पूर्ण दिवस काढून गेलो. वाइंडिंगचं, म्हणजे मोटरेत गुंडाळलेल्या तारेचं, खरं तापमान काढायची आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि तो किती वाढतो ते ठरलेलं असतं. थंड मोटरेचा रेझिस्टन्स मोजायचा. मग ती चार तास चालवून बंद करायची, प्लग काढायचा आणि काही सेकंदांच्या आत पुन्हा मोजायचा. उशीर झाला तर तार निवते आणि आकडा फसवतो. गरम रेझिस्टन्सला थंड रेझिस्टन्सने भागायचं, आलेल्या संख्येला २३४.५ अधिक थंड असतानाचं तापमान याने गुणायचं आणि त्यातून २३४.५ वजा करायचे.

सकाळी ३३ अंशांना ३१ ओहम होते. दुपारी मोटर उघड्यावर चालवून बंद केली आणि लगेच प्रोब लावले, तर ३९.५ ओहम. म्हणजे वाइंडिंग १०६ अंशांवर. मोटरेच्या पट्टीवर इन्सुलेशनचा, म्हणजे तारेवरच्या वीजरोधक लेपाचा, वर्ग ए लिहिला होता आणि त्या वर्गाची मर्यादा १०५ अंश आहे. ऑक्टोबरातच ही गत, तर मे महिन्यात काय होणार?

मला तेवढं पुरेसं होतं, बाईंना नव्हतं. "मूळ परिस्थितीत किती होतं ते मोजल्याशिवाय सुधारलं म्हणणार कशाच्या आधारावर?" खोकं पुन्हा आणलं. बाईंकडे वरणभात खाऊन होईपर्यंत मोटर खोक्यात तापली. संध्याकाळी ४१.९ ओहम. १२७ अंश.

इन्सुलेशनचा एक ढोबळ नियम आहे. मर्यादेच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं. मर्यादेवर चालणाऱ्या तारेचं आयुष्य साधारण २० हजार तास धरतात. २२ अंश वर, म्हणजे ते सव्वाचार-साडेचार हजार तासांवर येतं. चोवीस तासांच्या हिशोबाने सहा महिने. बाईंनी बोटांवर मोजलं: दिवाळी ते मे. पहिली मोटर उन्हाळ्याने मारली नव्हती, तिचे दिवस भरले होते. आकडा इतका जुळला हा थोडा योगायोगच, पण मला तेव्हा पटलं की खोक्याच्या मागे आणखी काहीतरी आहे. एरवी उघड्यावर, तेल घातलेली, बेल्ट सैल केलेली मोटर १०६ वर का असावी?

पट्टीवर करंट ०.५५ अँपिअर लिहिला होता. एवढा बारीक करंट क्लॅम्प मीटरला नीट कळत नाही, म्हणून एकाच वायरचे दहा वेढे मीटरच्या जबड्यात घातले. आकडा आला ८.३. दहाने भागून ०.८३. दीडपट. करंट दीडपट झाला की तारेतली उष्णता दीडपट होत नाही, दीडाच्या वर्गाइतकी होते, सव्वादोन पट.

माझ्या डोक्यात पहिलं उत्तर आलं ते भार. पिंप जड, रूळ अडकत असतील. पहिल्या खेपेलाही मी तेच धरून चाललो होतो. पण या वेळी मी बेल्ट काढला. पिंप नाही, रूळ नाही, मोटर मोकळी. मीटर ८.३ वरून ८.१ वर आला. बस्स, तेवढाच. म्हणजे पिंपातल्या दगडांचा या तापण्याशी जवळजवळ काही संबंधच नव्हता. मोटर रिकामी असतानाच आजारी होती.

मी विचार करत बसलो असताना बाईंनी त्यांची वही पुढे केली. चौकोनी रकान्यांची वही, भूगोलाच्या बाईंचं रेखीव अक्षर. तारीख, टप्पा, दगडांचं वजन, शेरा. एका शेऱ्यावर माझं बोट थांबलं. 'पिंपाचे फेरे मिनिटाला ४०. पुस्तिकेत ४८ दिले आहेत. जाड पूड सात दिवसांत पुरी पडत नाही, नऊ लागतात.'

"हे कधी मोजलंत?"

"मागच्याच वर्षी. पिंपावर खडूची खूण केली आणि घड्याळ लावून बसले. मला वाटलं, मोटर जुनी असेल."

अठ्ठेचाळीसचे चाळीस. सहा भागांतला बरोबर एक भाग कमी. साठातून दहा गेले की पन्नास राहतात, तेच प्रमाण. मी मोटर उलटी करून पट्टीवरचं तेल पुसलं. ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ.

व्होल्ट सगळ्यांनी वाचले होते. मुलाने, स्टेप-डाऊन विकणाऱ्याने, वायरमनने आणि मीही. शेजारचा हर्ट्झचा आकडा कोणीच वाचला नाही. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ वेळा उलटसुलट होते, आपली पन्नास वेळा. स्टेप-डाऊन व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला तो हात लावत नाही.

मोटरेचं लोखंड विजेच्या दर अर्ध्या फेऱ्यात एकदा चुंबकत्वाने भरतं आणि रिकामं होतं. साठ हर्ट्झला हा अर्धा फेरा सेकंदाच्या १२० व्या भागात संपतो, पन्नास हर्ट्झला १०० व्या भागात. व्होल्ट तेवढेच ठेवून जास्त वेळ मिळाला की चुंबकत्व जास्त चढतं. स्वस्त मोटरेत लोखंड मुळातच मोजूनमापून घातलेलं असतं. रांजण काठोकाठ भरावा तसं ते भरतं, आणि त्यापुढे चुंबकत्व फारसं वाढत नाही, नुसता करंट वाढत जातो. हा करंट काम करत नाही, तारा तापवतो. त्यात मोटर सहा भागांतला एक भाग हळू फिरते, तिचा पंखाही हळू, म्हणजे उष्णता जास्त आणि वारा कमी. आमच्याकडे रात्री व्होल्टेज २४६ च्या आसपास होतं, तेव्हा २३० चे ११० करणारा स्टेप-डाऊन ११८ देत होता. ११५ ला ६० ने भागलं तर १.९२ येतं, ११८ ला ५० ने भागलं तर २.३६. हे गुणोत्तर म्हणजेच लोखंडावरचा ताण, आणि तो जवळजवळ पाव पटीने जास्त होता.

उपाय त्याच भागाकारात होता. १.९२ गुणिले ५०, म्हणजे ९६ व्होल्ट.

खात्री करायला मोटर दुकानात नेली आणि डिमरस्टॅटवर, म्हणजे चक्री फिरवून व्होल्ट कमीजास्त करायच्या यंत्रावर, लावली. ११८ व्होल्टला ती जाड आवाजात गुणगुणत होती. मी चक्री हळूहळू मागे फिरवत गेलो. ११० ला करंट ०.७१, १०३ ला ०.६१. गुणगुण बारीक होत गेली. ९६ ला ०.५४, आणि शाफ्टचा वेग जवळपास तोच. शाफ्ट चिमटीत धरून पाहिला तर ताकदही कमी वाटली नाही, कारण लोखंडातलं चुंबकत्व आता तेवढंच होतं जेवढ्यासाठी मोटर बनली होती. दुकानातला पोरगा शेजारी उभा होता. म्हणाला, "व्होल्ट कमी करून मोटर थंड? आपण तर गिऱ्हाइकाला सांगतो, व्होल्ट कमी आले म्हणून जळली." दोन्ही खरं आहे. पूर्ण भाराच्या पंपाला व्होल्ट कमी मिळाले की तो जास्त करंट ओढतो. इथे लोखंडच उतू जात होतं.

मग बाईंसाठी एक वेगळा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला, शंभर व्हीएचा, २४० ला ९६ देणारा. व्होल्टेज २४६ ला चढलं तर ९८ च्या थोडं वर, २२५ ला उतरलं तर ९०. दोन्ही चालतं. बाजारातला जुना स्टेप-डाऊन मी वापरू दिला नाही, त्याला आणखी एक कारण होतं. उघडून पाहिला तर तो ऑटो निघाला. एकच वाइंडिंग, मधूनच बाहेर काढलेली वायर. तशात सामाईक वायर तुटली तर बाहेरच्या दोन भोकांत पूर्ण २३० उतरतात. बाहेरच्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं, यंत्राची बॉडी लोखंडी, आणि पिंपाच्या झाकणातून गाळाचं पाणी थेंबथेंब झिरपतं. सत्तरीतली बाई ओल्या हाताने ते पिंप उचलते. हे पाहून मला मोटरेपेक्षा बाईंचीच काळजी जास्त वाटली. नवा ट्रान्सफॉर्मर दोन वेगळ्या वाइंडिंगचा केला, बॉडीला अर्थिंगची वायर जोडली आणि बाल्कनीच्या पॉइंटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवला. असं यंत्र कोणाच्या घरात असेल तर मोटर तापो न तापो, हे आधी करून घ्या.

कोणी सुचवलं की पंख्याचा रेग्युलेटर लावला तरी व्होल्ट कमी होतील. लावू नका. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून देतो आणि कापलेल्या लाटेवर ही मोटर आणखी तापते. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टरही त्याच माळेतले. मोटर आधीच जळलेली असेल तर मात्र तसलीच परदेशी मागवत बसण्यापेक्षा इथली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची शेडेड पोल मोटर बसवणं बरं. फ्रीजच्या नि कूलरच्या दुकानांत त्या मिळतात. शाफ्टची जाडी जुळवून घ्यावी लागते आणि पुली, म्हणजे शाफ्टवरची बेल्टची चाकी, थोडी मोठी लागते, नाहीतर पिंप हळूच फिरत राहतं. बाईंची पुली १२ मिलिमीटरची होती. मोटर तीच ठेवली, पण लेथवर १४.५ ची नवी पुली कातून घेतली, म्हणजे फेरे पुन्हा ४८ च्या घरात आले. पुली वाढली की मोटरेवर भार थोडा वाढतो. मोजला, करंट ०.५४ चा ०.५६ झाला. पट्टीवर ०.५५ होता. मी चालवून घेतलं.

आवाजाचा प्रश्न उरलाच होता, कारण शेजारचे काका काही खोटं बोलत नव्हते. यंत्राखाली जाड रबरी मॅट टाकली. त्यानेच निम्मा फरक पडला, कारण आवाज हवेपेक्षा लादीतून जास्त जात होता. तीन बाजूंना गोणपाट चिकटवलेला प्लायवूडचा आडोसा केला, चौथी बाजू आणि वरचा भाग उघडा ठेवला, मोटरेचं तोंड उघड्या बाजूला. पिंप पाऊण भरल्यावर दगडांची धपधप जाऊन नुसती घरघर राहिली.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो, मोटरेची नाही पण घराची. पिंपातला करडा गाळ मोरीत ओतू नका. पाइपात तो सिमेंटसारखा बसतो. बाई तो बादलीत निवळू देतात, वरचं पाणी काढतात आणि वाळलेली वडी कचऱ्यात टाकतात.

नव्या ट्रान्सफॉर्मरवर पहिल्याच दिवशी चार तासांनी रेझिस्टन्स मोजला, ३५.४ ओहम. ७१ अंश. बाईंनी तो वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली.

या एप्रिलमध्ये पुन्हा गेलो. बाल्कनीत ३८ अंश होते, वाइंडिंग ७६ वर. ऑक्टोबरपासून मोटर पाच खेपा पूर्ण चालली आहे आणि वासाचा पत्ता नाही. जाड पूड आता सात दिवसांत पुरी पडते. बाईंनी माझ्या हातावर एक खडा ठेवला. दुधी, मधोमध विटकरी पट्टी, काचेसारखा गुळगुळीत. "जळगावचा," म्हणाल्या. मग कान देऊन म्हणाल्या, "डाव्या रुळातून किरकिर येतेय का बघ रे." येत होती. नायलॉनचा बुश झिजलाय. पुढच्या रविवारी नवा घेऊन जायचं ठरलंय.